आख्यान योसेफाचे, चाल आपली



तलवाडा हे गेवराई तालुक्यातले, त्वरितादेवीचे गाव. बीड जिल्ह्याला मोठ्या उद्योगांचे किंवा भरपूर पाण्याचे वैभव कधी लाभले नाही; पण कीर्तनाचा दुष्काळ इथे कधी पडला नाही. अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे आणि दासोपंतांची पासोडीही तिथलीच. पैठणचे नाथ आपल्याला परके नाहीत. ‘कटाव’ हा झपाट्याचा रचनाप्रकार ज्यांनी कीर्तनाला दिला ते अमृतराय मराठवाड्याचेच, आणि मध्वमुनीश्वरही इथलेच. आजही अखंड हरिनाम सप्ताह होत नाही असे गाव या पट्ट्यात शोधावे लागेल. स्वागताध्यक्षाने आपल्या मुलखाच्या या थोरवीचा पाढा वाचावा आणि बाजूला व्हावे, अशी रीत आहे. ती रीत मी इथेच थोडक्यात आटोपतो. हे संमेलन भक्तिगीतांचे आहे, आणि मराठी भक्तिगीताचा एक भाग असा आहे की ज्याचा उल्लेख आपल्या संमेलनांत, आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि आपण सांगतो त्या कीर्तनाच्या इतिहासात क्वचितच होतो. तो म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक यहुद्यांचे, बेने इस्रायलांचे कीर्तन. हे कीर्तन मराठी कीर्तनपरंपरेचा अस्सल घटक आहे आणि त्याच वेळी जगभरच्या यहुदी भक्तिसंगीताचाही अस्सल घटक आहे. या दोन गोष्टींत विरोध नाही, इतकेच नव्हे तर पहिली दुसरीमुळे अधिक पक्की होते. एवढे एकच म्हणणे मी आज मांडणार आहे.

बेने इस्रायल समाजाची स्वतःबद्दलची पूर्वापार सांगी अशी आहे : अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. या कथेतला इतिहास किती आणि स्मृती किती, हा वाद पंडितांनी करावा. हा समाज कोकणात शतकानुशतके राहिला, तेलाचे घाणे चालवत राहिला आणि शनिवारी घाणा बंद ठेवत राहिला, ही गोष्ट मात्र वादातीत आहे. म्हणूनच लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आपल्या गेवराई तालुक्यात शनिवार म्हटला की राक्षसभुवनचा शनी आठवतो. कोकणातल्या या घाण्यांवर तोच वार विश्रांतीचा आणि पावित्र्याचा होता. पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर, झिराडकर ही त्यांची आडनावे गावांवरून पडलेली, तुमच्याआमच्या आडनावांसारखीच. सणांना त्यांनी दिलेली नावे ऐका : नव्याचा सण, दारफळणीचा सण, बिरड्याचा सण. जेरुसलेमचे मंदिर पडले त्या दिवसाचा शोक, आणि त्याला नाव वालाच्या बिरड्याचे! हिब्रू ग्रंथ त्यांच्याजवळ उरले नव्हते. उरले होते ते एकाच ईश्वराची ग्वाही देणारे ‘शेमा’ हे वचन, सुंता, शनिवार आणि खाण्यापिण्याचे नियम. पुढे कोचीनकडून आलेल्या शिक्षकांनी आणि त्यानंतर बगदादी यहुद्यांच्या सहवासाने प्रार्थनेची हिब्रू बाजू पुन्हा उभी राहिली. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत मांडवी भागात पहिले प्रार्थनालय बांधले. समाजात त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत. तिथल्या प्रार्थनेच्या चाली अर्थातच बाहेरून आलेल्या होत्या. कोचीन, बगदाद, येमेन यांचे सूर त्यांत मिसळले होते.

आता प्रश्न उभा राहिला तो अर्थाचा. हिब्रू म्हणता येत होते, पण समजत होते ते मोजक्यांना. बायकांना आणि मुलांना जवळजवळ नाहीच. एकोणिसाव्या शतकात या समाजाने जे भाषिक काम केले त्याकडे मराठी वाङ्मयाच्या इतिहासाने पुरेसे लक्ष दिलेले नाही. १८४६ साली मुंबईत पेसाह सणाच्या रात्री वाचायची ‘हगादा’ ही पोथी हिब्रू आणि मराठीत शिळाछापावर निघाली. १८७४ साली पुण्यात आणखी एक हगादा छापली गेली. तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका साडी नेसून जमिनीवर बसलेल्या आहेत. मिसर देशातून सुटका झाल्याची कथा, हिब्रू अक्षरे, खाली मराठी, आणि चित्रात आपल्या घरातल्यासारखी बाई : एवढ्या एका पानात या समाजाचे सारे जगणे आले आहे. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे करण्यात हयात घालवली. मुंबई विद्यापीठात ते हिब्रूचे परीक्षक होते. पण भाषांतर डोळ्यांनी वाचायचे असते, आणि ज्या समाजाचा धर्म पिढ्यान्‌पिढ्या कानांवर टिकला होता त्याला गाणे हवे होते. १८८०च्या सुमारास मुंबईतल्या काही बेने इस्रायल मंडळींनी कीर्तन उभे केले. डेव्हिड हाईम दिवेकर, बेंजामिन शिमशोन अष्टमकर ही त्यांतली आघाडीची नावे. अब्राहाम, योसेफ, मोशे, एलिया यांची आख्याने झाली. साकी, दिंडी, ओवी, पदे असा तोच आपला साज. पेटी, तबला, झांजा. पदाच्या डोक्यावर चालीचा निर्देश. समोर मूर्ती नाही, आरंभी नमन त्या एकाच निराकार ईश्वराला, आणि मग आख्यान.

योसेफाचे आख्यान घ्या. बापाचा लाडका म्हणून भावांच्या डोळ्यांत सलणारा मुलगा. भाऊ त्याला कोरड्या विहिरीत टाकतात, मग वीस रुप्यांना विकतात, बापाला रक्ताने माखलेला झगा दाखवतात. परमुलखात दास्य, खोटा आळ, बंदिवास, स्वप्नांचा उलगडा आणि अखेर राज्याचा कारभार. दुष्काळ पडतो आणि तेच भाऊ धान्य मागायला त्याच्याच दारात येऊन उभे राहतात. त्यांना तो ओळखू येत नाही, तो मात्र त्यांना ओळखतो. शेवटी त्याला राहवत नाही. चाकरांना बाहेर काढून तो मोठ्याने रडतो आणि आपले नाव सांगतो. हे आख्यान कोणत्याही कसलेल्या हरिदासाच्या हाती द्या. विहिरीपाशी कुठली चाल लागेल, बाजारात विकताना लय कुठे चढेल, बापाचा विलाप कोणत्या वृत्तात बसेल, आणि नाव सांगण्याआधी टाळ किती वेळ थांबवायचे, हे त्याला कुणी शिकवावे लागणार नाही. सत्त्वपरीक्षा आणि करुण रस हे हरिश्चंद्र-तारामतीच्या, नळ-दमयंतीच्या आख्यानांनी कीर्तनात मुरवलेले सामर्थ्य आहे. ते इथे आयतेच कामी आले. आणि दुष्काळात धान्यासाठी परक्या दारी जाण्याचा प्रसंग मराठवाड्यातल्या श्रोत्याला वेगळा समजावून द्यावा लागत नाही, हेही सांगितले पाहिजे.

यावर पहिला आक्षेप येतो तो अनुकरणाचा. हे तर हिंदू कीर्तनाचे अनुकरण, त्यात यहुदी म्हणावे असे काय, असे विचारले जाते. याचे उत्तर जगभरच्या यहुदी भक्तिगीतांत आहे. सोळाव्या शतकातले सफेद हे गलिलातले गाव यहुदी गूढवादाची पंढरीच म्हणा. तिथले साधक शुक्रवारी दिवेलागणीला गावाबाहेर रानात जाऊन शब्बाथाचे, म्हणजे विश्रामदिनाचे, नववधूसारखे स्वागत करीत. तिथल्याच श्लोमो अल्काबेत्स यांनी रचलेले ‘लखा दोदी’ हे स्वागतगीत आज जगातल्या बहुतेक प्रत्येक सिनेगॉगमध्ये दर शुक्रवारी म्हटले जाते. शब्द सगळीकडे तेच. चाल मात्र जितके देश तितकी. कुठे अरबी मकाम (तिकडचे राग), कुठे तुर्की वळण, कुठे पोलंडातल्या खेड्याचा ठेका. त्याच परंपरेतला इस्रायल नजारा हा कवी दमास्कसचा. १५८७ साली सफेदमध्ये छापलेल्या आपल्या गीतसंग्रहात त्याने हिब्रू पदे कोणत्या तुर्की, अरबी, स्पॅनिश गाण्याच्या चालीवर म्हणायची ते उघड लिहून ठेवले. आपल्या कीर्तनाच्या पुस्तकांत पदावर ‘चाल’ लिहिलेली असते, तीच ही पद्धत. येमेनात शालोम शबाझी यांनी सतराव्या शतकात हिब्रू आणि अरबी दोन्हींत पदे रचली. ती लग्नात आणि शब्बाथाला आजही गातात. सीरियातल्या हलब शहरचे यहुदी हिवाळ्यात शनिवारी पहाटेच्या काळोखात उठून ‘बक्काशोत’ ही विनवणीची पदे गात, आणि त्या सुरांची इमारत अरबी मकामांवर उभी होती. ज्याला बाहेरचा स्पर्श नाही असे यहुदी भक्तिसंगीत शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. अब्राहाम त्स्वी इडेलसोन या संशोधकाने १९१४ ते १९३२ या काळात दहा खंडांत देशोदेशीच्या हिब्रू चाली स्वरलेखनासह छापल्या. ते खंड चाळले की हेच दिसते. मग येमेनचे अरबी वळण यहुदी ठरते, तुर्कस्तानचे ठरते, तर साकी-दिंडीनेच काय पाप केले?

या उसनवारीला खुद्द यहुदी परंपरेतही विरोध झाला होता, आणि तो विरोध फुटकळ नव्हता. परक्या, विशेषतः शृंगारिक गाण्यांच्या चाली प्रार्थनेला लावल्या तर मन ईश्वराकडे जाईल की मूळ गाण्याकडे, असा प्रश्न जुन्या धर्माचार्यांनी विचारला आहे. नजाराच्या काळातच मेनाहेम दि लोन्झानो यांनी त्याच्यावर टीका केली. परक्या गाण्याच्या शब्दांचा नाद हिब्रूत जसाच्या तसा उतरवण्याची त्याची हौस त्यांना अनुचित वाटली. आपल्याकडेही लावणीच्या किंवा सिनेमाच्या चालीवरचा अभंग ऐकून जुन्या फडकऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यामागची चिंता खरी आहे, तिची टिंगल करणे योग्य नाही. तरीही परंपरेने अखेर कौल कोणत्या बाजूने दिला ते पाहावे. नजाराची पदे प्रार्थनापुस्तकांत गेली आणि टिकली. विसाव्या शतकात ओवादिया योसेफ यांच्यासारख्या मोठ्या धर्मपंडिताने अरबी चालींवर प्रार्थना म्हणण्यास मान्यता दिली. पूर्व युरोपातल्या हसिदी पंथाने तर याला तत्त्वज्ञानाचे बळ दिले. सृष्टीत सर्वत्र दिव्यत्वाच्या ठिणग्या अडकून पडल्या आहेत आणि साधकाने त्या सोडवायच्या आहेत, ही कबालाची, म्हणजे यहुदी गूढवादाची, शिकवण. तिच्या आधारे हंगेरीतल्या कालेवचे रब्बी यित्सहाक आयझॅक तौब (१७५१–१८२१) यांनी एका गुराख्याचे प्रेमगीत आपलेसे केले. पंथात कथा सांगतात की त्यांनी ते गीत गुराख्याकडून पैसे देऊन विकत घेतले आणि त्यानंतर गुराखी ते विसरून गेला. कथा कथाच असली तरी तिच्यातला विचार नेमका आहे : चाल कुणाच्या तोंडून आली यापेक्षा ती कुठे नेते हे महत्त्वाचे.

इथेच बेने इस्रायलांचे कीर्तन हंगेरीच्या उदाहरणापासून वेगळे होते, आणि माझ्या मते अधिक खोल जाते. कालेवच्या रब्बींनी चाल दुसऱ्याकडून घेतली. ते यिद्दिश बोलत होते, गुराखी हंगेरियन. बेने इस्रायलांना साकी आणि दिंडी कुणाकडून घ्यायची होती? ती त्यांच्या घरातच होती. त्यांच्या बायका जात्यावर मराठीतच गात, पाळणा मराठीतच म्हणत, भांडणही मराठीतच होत असे. कोकणात ज्या कीर्तनाला सगळा गाव लोटायचा त्यात पेणकर-रोहेकरही गावकरीच होते. त्यांनी स्वतःच्याच घरातली वस्तू स्वतःच्याच देवापुढे ठेवली. त्यामुळे या कीर्तनाला ‘हिंदू कीर्तनाची यहुदी नक्कल’ म्हणणे इतिहासाला धरून नाही. कीर्तन हा मराठी भाषेचा सामाईक वारसा आहे आणि त्यावर हक्क सांगणारे नेहमीच अनेक होते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ ओवीत छापले. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ओवीतच ‘योगसंग्राम’ लिहिला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग लिहिले. या मालिकेत बेने इस्रायलांची आख्याने आपसूक बसतात, आणि ती नसली तर मालिका अपुरी राहते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. कीर्तनाची प्रेरणा बेने इस्रायलांना ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या दबावातून मिळाली. म्हणजे ती भक्तीची नसून बचावाची होती, असे काही जण म्हणतात. यात तथ्यांश आहे. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले ते याच समाजाला डोळ्यांसमोर ठेवून. मिशनच्या शाळांत बेने इस्रायल मुले शिकली, आणि बायबलचा जुना करार त्यांच्या हाती प्रथम मराठीतून आला तो मिशनऱ्यांमुळे. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या परिसरात अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींनी ख्रिस्ती कीर्तनेही सुरू केली होती. अशा काळात आपल्या पूर्वजांच्या कथा आपल्याच मुलांना दुसऱ्याच्या तोंडून, दुसऱ्याच निष्कर्षासह ऐकाव्या लागतात हे पाहून एखादा समाज स्वस्थ कसा बसेल? पण बचाव आणि भक्ती यांची अशी ताटातूट करता येत नाही. एकनाथांची भारुडे, रामदासांचे मठ, विसाव्या शतकातले राष्ट्रीय कीर्तन, या सगळ्यांना त्या त्या काळच्या संकटाची धग होती. त्यामुळे त्यांतली भक्ती कमअस्सल ठरली नाही. मिशनऱ्यांकडून ग्रंथ घेतले, व्याकरण घेतले, छापखान्याची सवय घेतली, आणि धर्मांतर मात्र अगदी तुरळक झाले. या समाजाने शिक्षण आणि श्रद्धा यांचा हिशेब स्वतःच्या मर्जीने केला, आणि त्या हिशेबाची सर्वांत रसाळ नोंद कीर्तनात आहे.

तिसरा आक्षेप खुद्द धर्मनिष्ठ यहुदी घेऊ शकेल. कीर्तन हे प्रबोधन आहे, प्रार्थना नव्हे. शब्बाथाला वाद्य वाजवणे शास्त्राला मान्य नाही, म्हणून पेटी-तबल्याचे हे कीर्तन त्या पवित्र वेळेच्या बाहेरच राहणार. पवित्र गीत ते हिब्रूतले, आणि त्यातही गूढ म्हणावे ते सफेदच्या साधकांचे. योसेफाची गोष्ट सांगण्यात गूढ ते काय? वाद्यांचा मुद्दा मी मान्य करतो. कीर्तन शब्बाथाच्या उपासनेची जागा घेत नाही, आणि घ्यावी असा त्याचा दावाही नव्हता. पण गूढतेचा अनुभव या समाजाने कुठे साठवला हे पाहायचे तर ‘मलिदा’ पाहावा लागतो. नवस फेडताना, लग्नाआधी, बारशाला, नव्या घरात जाताना बेने इस्रायल घरांत मलिद्याचे तबक मांडतात : भिजवलेले पोहे, त्यात गूळ किंवा साखर, ओल्या नारळाचा चव, वेलदोडा, वर सुकामेवा, भोवती फळे. त्याभोवती बसून ते एलियाहू हनबी, म्हणजे एलिया प्रेषित, याला उद्देशून हिब्रू गीत म्हणतात. हा एलिया मेला नाही, अग्निरथातून स्वर्गात गेला आणि संकटकाळी परत येतो, अशी श्रद्धा आहे. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाच्या घोड्यांच्या टापांच्या खुणा दाखवतात, आणि लोक तिथे नवस करायला जातात. जगातले सारे यहुदी एलियाची वाट पाहतात, पेसाहच्या रात्री त्याच्यासाठी पेला भरून ठेवतात. पण तो आपल्या खडकावर उतरून गेला असे म्हणणारा समाज बहुधा हाच एक. पलीकडचे अलीकडे उतरल्याचा हा विश्वास गूढवादाच्या गाभ्याचाच आहे. हिब्रू गीत, कोकणी पोहे आणि खडकावरची टाप यांना एकमेकांपासून सोडवायला गेलो तर हातात काहीच राहणार नाही. एलियाचे मराठी आख्यान याच श्रद्धेच्या पोटी जन्मले आहे, मग ते पवित्र गीतांच्या बाहेर कसे ठेवता येईल?

अस्सलपणाच्या या प्रश्नाची किंमत या लोकांनी फार जड मोजली आहे. १९४८नंतर हजारो बेने इस्रायल कुटुंबे इस्रायलला गेली. भारत स्वतंत्र झाला तेव्हा इथे त्यांची संख्या वीस हजारांच्या घरात होती, आणि २०११च्या जनगणनेत सबंध भारतात यहुद्यांची नोंद पाच हजारांहूनही कमी आहे. तिकडे गेल्यावर १९६०च्या दशकाच्या आरंभी धर्मपीठाने त्यांच्या यहुदीपणाविषयीच शंका घेतली आणि विवाहांवर जाचक अटी घातल्या. त्यांनी आंदोलन केले, आणि १९६४ साली ते सर्व दृष्टींनी यहुदी आहेत हे मान्य झाले. इथे मराठी माणसाने त्यांना बव्हंशी विसरावे आणि तिथे यहुद्याने त्यांना अर्धे मानावे, असा हा दुहेरी अन्याय. त्यावर डिमोना, अश्दोद, लोद, रामले अशा गावांत त्यांनी मराठी बोलत राहणे, ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवणे आणि कीर्तन पुन्हा उभे करणे हे साधे स्मरणरंजन नव्हते. आपण दोन्ही आहोत आणि पुरते आहोत, हे त्यांनी न भांडता सांगितले.

कुणी असेही विचारील की बीड जिल्ह्यात एक यहुदी घर नसताना तलवाड्याने ही उठाठेव का करावी? आणि आजच्या पश्चिम आशियातल्या रक्तपाताच्या काळात हा विषय काढणे उचित आहे का? दुसऱ्या शंकेबद्दल एवढेच सांगतो की ही गाणी इस्रायल या राज्याच्या जन्माआधीची आणि आपल्या मातीतली आहेत. कोणत्याही सरकारच्या बऱ्यावाईटाचा भार त्यांच्यावर टाकता येत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र सविस्तर दिले पाहिजे. कीर्तन छापले गेले म्हणून त्याचा थोडा तरी मागोवा लागतो. बायकांची गाणी त्याहून नाजूक. बेने इस्रायल बायकांनी मराठी भक्तिगीते वह्यांमध्ये उतरवून ठेवली. आईची वही लेकीकडे गेली, आणि कित्येक वह्या सामानाबरोबर समुद्रापलीकडे गेल्या. राष्ट्रीय कीर्तनावर ग्रंथ लिहिणाऱ्या अ‍ॅना शुल्ट्झ या अमेरिकन संगीतसंशोधिकेने भारतात आणि इस्रायलमध्ये या बायकांकडे बसून त्यांची गाणी अभ्यासली. कोचीनच्या यहुदी बायकांच्या मल्याळम गीतांच्या वह्यांचेही असेच जतन झाले आणि ती गीते पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. केरळने आपल्या भाषेतल्या यहुदी गाण्यांना आपले मानले. मराठीने अजून तेवढ्या मोकळेपणाने मानलेले नाही.

आणि वही म्हणजे काय, गाणारी बाई म्हणजे काय, हे बीड जिल्ह्याला सांगावे लागते का? आपल्या शेजारच्या माजलगावात भीमनगरातल्या बायकांनी जात्यावर गायलेल्या बाबासाहेबांच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेविन यांच्या प्रकल्पात नोंदल्या गेल्या. लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह आज सर्वांना खुला आहे. त्या ओव्या कुणी लिहून घेतल्या नसत्या तर त्या बायकांबरोबरच संपल्या असत्या. दसरा-दिवाळीनंतर आपली निम्मी गावे कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या फडात जातात आणि त्यांच्याबरोबर देवीची गाणीही जातात. घर सोडून गेलेल्या माणसाजवळ गाणे किती दिवस तग धरते, याचे ज्ञान इथल्या माणसाला पुस्तकातून मिळवावे लागत नाही. म्हणून हा विषय मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांनी हाती घ्यावा तसाच तलवाड्यानेही घ्यावा, असे मला वाटते. शिवाय मराठवाडा आख्यानकवींचा प्रदेश आहे. आख्यानाचे शास्त्र जाणणारे कीर्तनकार आज या मांडवात जितके बसले आहेत तितके एका वेळी मुंबईत मिळणे कठीण.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. यहुदी कीर्तनाचा बहर फार काळ टिकला नाही. ते प्रामुख्याने मुंबईतल्या शिकलेल्या मंडळींनी उभे केले, विसाव्या शतकात त्याची जागा भाषणांनी, मासिकांनी आणि नाटकांनी घेतली, आणि स्थलांतराने उरलासुरला श्रोता दुरावला. वारकरी कीर्तनासारखी गावगाड्यात रुजलेली, लाखोंच्या पाठबळाची परंपरा ती कधीच नव्हती. पण परंपरेचे मोल केवळ तिच्या लांबीवरून ठरवायचे असेल तर मराठीतले कितीतरी काही बाद करावे लागेल. महानुभावांची सांकेतिक लिपीतली पोथी तर शतकानुशतके मूठभरांनीच वाचली, आणि आज तिच्याशिवाय आपण मराठी गद्याचा आरंभ शिकवू शकत नाही. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला हे चांगले झाले. त्या दर्जाने शाळा आणि दाखल्यांची सोय होईल. गाण्यांची सोय गाणाऱ्यांनीच करावी लागेल.

म्हणून संमेलनाध्यक्षांपुढे आणि आपणा सर्वांपुढे स्वागत समितीच्या वतीने काही विनंत्या ठेवतो. या संमेलनाच्या खुल्या अधिवेशनात असा ठराव यावा की बेने इस्रायलांच्या मराठी कीर्तनांची जी छापील पुस्तके मुंबई, पुणे, अलिबागच्या ग्रंथालयांत आणि घरांत आहेत त्यांची सूची व्हावी आणि त्यांच्या प्रती काढून ठेवल्या जाव्यात. पदांवर लिहिलेल्या चालींपैकी कितीतरी चाली आज फक्त आपल्या जुन्या कीर्तनकारांच्या गळ्यात उरल्या आहेत. त्यांनी त्या गाऊन ध्वनिमुद्रित करून द्याव्यात, कारण शब्द एका घरात आणि चाल दुसऱ्या घरात अशी या गाण्यांची स्थिती आहे. कोकणातल्या आणि मुंबई-ठाण्यातल्या बेने इस्रायल घरांतल्या वह्यांना त्या घरांच्या संमतीनेच आणि त्यांच्या रीतिरिवाजांचा मान राखूनच हात लावावा. कुणाच्या देव्हाऱ्यात बूट घालून शिरू नये तसे. कीर्तनाचे वर्ग चालवणाऱ्या संस्थांनी अभ्यासक्रमात क्रिस्तपुराण, शेख महंमद आणि बेने इस्रायलांचे आख्यान या तिन्हींना जागा द्यावी. आणि आजच्या रात्रीच्या कीर्तनात, वेळापत्रकात बसत असेल तर, कुणा हरिदासाने उत्तररंगाला योसेफाचे आख्यान लावावे. तलवाड्याचा श्रोता ते कान देऊन ऐकेल, याची हमी स्वागताध्यक्ष म्हणून मी देतो.